४.८ मीटर ही लाटेची उंची नव्हे: खवळलेला समुद्र कसा पाहावा, कसा टिपावा

पावसाळा सुरू झाला की मुंबईत दरवर्षी एक बातमी येते: ‘आज दुपारी समुद्रात ४.८ मीटर उंचीच्या लाटा उसळणार.’ ती वाचून लोक मरीन ड्राइव्हला जातात. कधी कठड्यावरून पाणी रस्त्यावर कोसळत असतं. कधी मात्र तेवढ्याच आकड्याच्या दिवशी समुद्र नुसता तुडुंब भरलेला दिसतो आणि लाट म्हणावी अशी एकही नसते. लोक बातमीला खोटं ठरवून परततात. आकडा बरोबरच असतो, अर्थ चुकीचा लावलेला असतो. ४.८ मीटर ही भरतीच्या पाण्याची पातळी आहे. लाटेच्या उंचीशी तिचा संबंध नाही.

ही पातळी मोजतात ती सागरी नकाशांच्या शून्यापासून, म्हणजे जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पाण्यापासून. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच या शून्याच्या साधारण अडीच मीटर वर असते. म्हणून ४.८ मीटरची भरती म्हणजे सरासरीपेक्षा सव्वादोन-अडीच मीटर चढलेलं पाणी. त्या पाण्यावर लाट किती उंच असेल ते चंद्र ठरवत नाही, वारा ठरवतो. मोठी लाट पाहायची किंवा कॅमेऱ्यात पकडायची असेल तर ही दोन गणितं आधी वेगळी करावी लागतात, आणि मग एकाच दिवशी, एकाच जागी जुळवावी लागतात. कुठे उभं राहायचं नाही, हेही त्याच गणितातून कळतं. म्हणून कॅमेऱ्याबद्दल बोलण्याआधी पाण्याबद्दल बोलू.

लाट कुठे तयार होते

लाटेची उंची तीन गोष्टींवर ठरते: वारा किती जोरात वाहतो, किती तास वाहतो आणि किती लांबवर सलग पाण्यावरून वाहतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून शेकडो किलोमीटर मोकळा वाहतो, तोही दिवसचे दिवस. त्यामुळे जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत कोकणाबाहेरच्या खोल पाण्यात तीन ते चार मीटरच्या लाटा ही नेहमीची गोष्ट असते. वादळ आलं की आकडा आणखी वर जातो, आणि त्यासाठी वादळ किनाऱ्यावर आदळायलाच हवं असं नाही. जून २०२३ मधलं बिपरजॉय चक्रीवादळ शेवटी गुजरातच्या किनाऱ्यावर गेलं, पण त्याआधी ते लांब समुद्रात असतानाच कोकण आणि मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या लाटा येत होत्या.

हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था रोज समुद्राचा अंदाज देते आणि उंच लाटांचे इशारे काढते. त्या अंदाजात लाटेचा जो आकडा असतो तो सगळ्यात उंच लाटेचा नसतो. एका वेळच्या सगळ्या लाटा मोजल्या आणि त्यांतल्या वरच्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी काढली, की तो आकडा येतो. समुद्राकडे पाहणाऱ्या अनुभवी माणसाच्या डोळ्याला जी लाट ‘साधारण मोठी’ वाटते, तीच ही. दर दहा सेकंदांनी एक लाट धरली तर तीन तासांत हजारावर लाटा येतात, आणि हजार लाटांमधली सर्वांत उंच लाट या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट असू शकते. अंदाज तीन मीटरचा असेल तर बाहेरच्या पाण्यात त्या दुपारी पाच-साडेपाच मीटरची एक तरी लाट उठेल असं गृहीत धरा. ती कोणत्या मिनिटाला येईल हे कोणी सांगू शकत नाही. सातवी किंवा नववी लाट मोठी असते या म्हणण्याला आधार नाही.

उंचीच्या शेजारी सेकंदांचा आकडा असतो, तो बहुतेक लोक वाचतच नाहीत. दोन लाटांमधला हा काळ उंचीइतकाच महत्त्वाचा असतो. खोल पाण्यात लाटेची लांबी काढायची तर या सेकंदांचा वर्ग करून त्याला १.५६ ने गुणायचं. सात सेकंदांची लाट सुमारे ७६ मीटर लांब असते आणि बारा सेकंदांची तब्बल २२५ मीटर. उंची दोन्हींची सारखी असली तरी लांब लाटेत पाणी कितीतरी जास्त असतं. ती खडकावर अधिक वर चढते आणि पुळणीवर अधिक आत येते. उंची दुप्पट झाली की ऊर्जा चौपट होते, हेही लक्षात ठेवा. म्हणून ‘अडीच मीटर, बारा सेकंद’ हा अंदाज ‘तीन मीटर, सात सेकंद’ यापेक्षा फोटोसाठी चांगला आणि उभं राहण्यासाठी जास्त धोकादायक.

लांब लाटांचा आणखी एक प्रकार आहे, आणि त्याची भीती वाटायला हवी. दक्षिण हिंदी महासागरात, अंटार्क्टिकाच्या वाटेवर, मोठी वादळं होतात. तिथून निघालेल्या सोळा ते अठरा सेकंदांच्या लाटा पाच-सहा दिवसांत सहा-सात हजार किलोमीटर कापून आपल्या किनाऱ्याला पोचतात. केरळात याला ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र. बहुतेक वेळा हे एप्रिल-मेमध्ये घडतं. आकाश निरभ्र असतं, वारा नसतो, समुद्र तासन्‌तास शांत दिसतो आणि अचानक पाणी आत येतं. मे २०२४ मध्ये असाच इशारा जारी असताना कन्याकुमारीजवळच्या किनाऱ्यावर पाच तरुण बुडाले. वादळी आकाश पाहून माणूस सावध होतो, निळं आकाश पाहून होत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी कोकणात जातानाही इन्कॉइसचा इशारा पाहून जा.

भरतीचं काम काय

मग भरतीचा उपयोग कशासाठी? भरती लाट मोठी करत नाही, ती लाटेला न फुटता आपल्यापर्यंत येऊ देते.

पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीपर्यंत उतरली की लाट फुटते. तीन मीटरची लाट पावणेचार-चार मीटर खोलीवर कोसळणार. कोकणातल्या पुळणी फार सपाट असतात. शंभर मीटर आत गेल्यावर एक मीटर खोली, अशा उतारावर ती लाट किनाऱ्यापासून जवळजवळ चारशे मीटरवरच फुटते आणि आपल्यापर्यंत फक्त फेस येतो. गणपतीपुळे किंवा काशीदच्या वाळूत उभं राहून मोठी लाट कधीच नीट दिसत नाही, ती यामुळे. तीच लाट खोल पाण्यात उभ्या असलेल्या कातळावर गेली तर अख्खी पोचते आणि तिथे फुटते. ओहोटीला त्या कातळाच्या पायथ्याशी दोन मीटर पाणी असेल तर लाट आधीच मोडते. भरतीला सहा मीटर असेल तर थेट आदळते.

म्हणून भरतीची वेळ काढायला शिका. कोकणातला जुना हिशेब आजही कामाचा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा, क्वचित तासाचाही फरक पडतो, म्हणून नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातच पाहायची. पण दिवस निवडायला तिथी पुरते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि सर्वांत मोठी भरती सहसा त्यानंतर एक-दोन दिवसांनी येते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि पाणी कमी चढतं.

आता या हिशेबातली एक गंमत पाहा. उधाणाची भरती नेहमी दुपारी बारा-एकच्या सुमारास (आणि मध्यरात्री) येते, आणि पावसाळ्यात या दोहोंतली दुपारची भरती जास्त उंच असते. म्हणजे पाणी सर्वांत वर असतं तेव्हा प्रकाश सर्वांत सपाट असतो. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या प्रकाशात पूर्ण भरती हवी असेल तर ती अष्टमीला मिळते, पण तेव्हा भांग असतो. या दोहोंच्या मधला सोयीचा काळ म्हणजे तृतीया ते पंचमी. भरती दुपारी सव्वादोन ते पावणेचारच्या दरम्यान पूर्ण होते, पाणी अजून बऱ्यापैकी वर असतं आणि ढगांतून ऊन आलंच तर ते पश्चिमेकडून तिरपं येऊ लागलेलं असतं. पूर्ण भरतीच्या आधी दीड तास आणि नंतर एक तास, एवढा वेळ हाताशी ठेवा.

मुंबईचे आकडे खाली दक्षिणेत लावू नका. उधाणाला मुंबईत पाणी पाच मीटरच्या जवळ जातं, गोव्याकडे अडीच मीटरच्या आसपासच थांबतं, आणि भरतीही मुंबईच्या आधी पूर्ण होते. मालवणात ‘साडेचार मीटरची भरती कधी आहे’ असं विचारण्यात अर्थ नाही.

जागा

लाटा उथळ पाण्याकडे वळतात. समुद्रात घुसलेल्या भूशिराभोवतीचं पाणी आधी उथळ होतं, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या लाटा त्याच्या टोकाकडे वळून तिथे एकवटतात. खाडीच्या किंवा उपसागराच्या पोटात त्याच लाटा पसरून कमजोर होतात. नकाशा उघडा आणि नैर्ऋत्येकडे तोंड केलेली, पाण्यात पुढे आलेली टोकं शोधा. त्यांच्या पुढे खडप (पाण्यातला उथळ खडकाळ पट्टा) किंवा वाळूचा दांडा नसेल तर लाट तिथे पूर्ण ताकदीने येईल. नदीच्या मुखापासून थोडं दूर असलेली जागा घ्या. पावसाळ्यात खाडीतून येणारं गढूळ पाणी किनाऱ्यालगत पसरतं आणि लाटेचा रंग चहासारखा होतो.

गुहागर तालुक्यात हेदवीला समुद्राकाठच्या कातळात बामणघळ नावाची अरुंद चीर आहे. भरतीला लाट तिच्यात शिरते, आत जाता जाता वाट निमुळती होते, पाण्याला आणि त्याच्यापुढे कोंडलेल्या हवेला बाहेर पडायला फक्त वरची बाजू उरते, आणि पाण्याचा खांब उभा राहतो. इथे लाटेच्या उंचीइतकंच पाण्याच्या पातळीला महत्त्व आहे. ओहोटीला पाणी चिरेपर्यंत नीट पोचत नाही. भरतीच्या आधीचा तास-दीड तास पाहण्यासारखा. वारा समुद्राकडून असल्याने वर उडालेलं पाणी जमिनीच्या बाजूला पडतं आणि घळीचे काठ गुळगुळीत होतात. काठावर वाकून आत डोकावण्यासारखं तिथे काही नाही. फोटो बाजूने, लांबूनच चांगला येतो, कारण खांबाची उंची दिसायला आजूबाजूचा कातळ चौकटीत लागतो.

हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग याच्या उलट. लाटांनी खोदलेला तो सपाट कातळी पट्टा आणि त्यावरची मधमाशांच्या पोळ्यासारखी नक्षी ओहोटीतच पाहायची. भरतीला हा मार्ग पाण्याखाली जातो आणि एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र अशी अवस्था होते. लाटा पाहायला तिथे खाली उतरूच नये.

मरीन ड्राइव्हला जे पाणी उंच उडतं ते तिथल्या चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांमुळे. हे ठोकळे, टेट्रापॉड, १९५० मध्ये फ्रान्समध्ये तयार झाले. लाट त्यांच्या फटींत शिरते, तुकडे तुकडे होते आणि तिचा जोर जिरतो, पण फटींतून वर फेकलेलं पाणी कठड्याच्याही वर जातं. सरळ उभी भिंत किंवा धक्का असेल तिथे वेगळंच दृश्य दिसतं. लाट जोर न हरवता परत फिरते आणि पुढच्या लाटेशी भिडते. दोन्ही एकमेकींवर चढल्या की पाणी जवळजवळ दुप्पट उंचीला, सरळ वर उठतं. लाटांच्या एका घोळक्यात पहिलीपेक्षा दुसरी-तिसरी लाट जास्त उंच उडालेली अनेकदा दिसते, ती या परतीच्या पाण्यामुळे. फोटो काढणाऱ्याने पहिल्या लाटेवरच सगळा भर देऊ नये.

घोळका म्हणायचं कारण असं, की समुद्रात एकाच वेळी वेगवेगळ्या सेकंदांच्या लाटा चालत असतात. दहा आणि अकरा सेकंदांच्या दोन लाटा एकत्र असतील तर साधारण दर ११० सेकंदांनी त्या एकमेकींवर बसतात आणि तीन-चार मोठ्या लाटा पाठोपाठ येतात. मधे मिनिटभर शांत वाटतं. प्रत्यक्षात लाटा याहून जास्त प्रकारच्या मिसळलेल्या असतात, म्हणून घड्याळ लावता येत नाही, पण अर्धा तास पाहिलं की त्या दिवशीची लय लक्षात येते.

उभं कुठे राहायचं

पोचल्यावर कॅमेरा पिशवीतच ठेवा आणि निदान अर्धा तास, शक्यतो चाळीस मिनिटं, नुसतं पाहा. सर्वांत वर पोचलेलं पाणी कोणत्या दगडापर्यंत आलं ते मनात नोंदवा. पाण्याच्या पातळीपासून त्या दगडापर्यंत जेवढी उंची आहे, तेवढीच उंची त्या दगडाच्याही वर सोडा आणि मग जागा धरा. वर सांगितलेल्या हजारातल्या एका दुप्पट लाटेसाठी ही सोडलेली जागा आहे. ती लाट आली नाही म्हणून पुढच्या वेळी ती जागा कमी करायची नाही.

कोरडा खडक सुरक्षित आणि ओला धोक्याचा, असा नियम परदेशी मार्गदर्शकांत असतो. पावसात सगळंच ओलं असल्यामुळे तो इथे चालत नाही. त्याऐवजी दुसऱ्या खुणा पाहा. गवत आणि झुडपं जिथून सुरू होतात, त्याच्या खाली खारं पाणी वरचेवर येतं. हिरवं शेवाळ, कालवांचे शिंपले, खळग्यांत साठलेलं खारट पाणी, अडकलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि जाळ्यांचे तुकडे या सगळ्या लाटेच्या पावलांच्या खुणा आहेत. आसपास कोळी, खारवी, गाबीत वस्ती असेल तर तिथे विचारा. उधाणाला पाणी कुठपर्यंत येतं हे ते बोट दाखवून सांगतात. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर वादळी वाऱ्याचा इशारा आहे, त्या दिवशी फक्त लांबून पाहायचं.

परतीची वाटही आधी पाहून ठेवा. भरती एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांतल्या पहिल्या आणि शेवटच्या तासात ती एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाने चढते, पण मधल्या दोन तासांत दर तासाला पाव हिस्सा. मुंबईत चार मीटरचा चढ असेल तर त्या दोन तासांत पाणी दर तासाला एक मीटर वर येतं. मघाशी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेली घळ तासाभराने ओलांडता येत नाही. सपाट, गवताळ पायवाटेने जाता येईल तीच जागा निवडा.

एक घनमीटर समुद्राच्या पाण्याचं वजन एक हजार किलोच्या वर असतं. गुडघाभर उंचीचं, वेगाने परतणारं पाणी धडधाकट माणसाला खाली बसवतं, आणि शेवाळलेल्या कातळावर बसलेला माणूस घसरतच जातो. टेट्रापॉडवर उतरणं तर त्याहून वाईट: पडलेला माणूस फटीत अडकतो आणि पुढची लाट ती फट भरते. समुद्राकडे पाठ करून सेल्फी घेणं, मुलांना कठड्यावर बसवणं, रबरी चपला घालून कातळावर जाणं, या तीन गोष्टी कधीच करू नका. खोल खाचांच्या तळव्याचे बूट घाला आणि एकटे जाऊ नका. दोघांपैकी एकाने कॅमेऱ्यात न पाहता फक्त समुद्राकडे पाहायचं.

कोणी पाण्यात पडलंच तर मागोमाग उडी मारायची नाही. दोर, टायरची ट्यूब, झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन, तरंगणारं जे मिळेल ते फेका. त्याला खडकापासून दूर, लाटा फुटतात त्याच्या बाहेर तरंगत राहायला ओरडून सांगा. एकाने नजर त्याच्यावर खिळवून ठेवायची, दुसऱ्याने ११२ किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ वर फोन करायचा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतात. मदतीला एरवी धावणारी होडी या दोन महिन्यांत जवळ नसते, हे आधीच मनात धरा.

कॅमेरा

सुरक्षित अंतर आणि चांगला फोटो यांत भांडण नाही. ७०-२०० किंवा १००-४०० मिलिमीटरची लेन्स असेल तर शंभर मीटरवरून लाट चौकट भरते, आणि लांबून, झूमने घेतलेल्या फोटोत मागच्या लाटा पुढच्या लाटेला चिकटून भिंतीसारख्या उभ्या दिसतात. रुंद लेन्सने जवळून घेतलेली लाट उलट लहान दिसते. फार उंचावरही जाऊ नका. रत्नागिरीच्या दीपस्तंभाच्या टेकडीवरून लाटांच्या रेषा सुंदर दिसतात, पण उंची दिसत नाही. लाटेच्या माथ्यापेक्षा थोडं वर, आणि समोरून न पाहता बाजूने, म्हणजे लाट चौकटीत डावीकडून उजवीकडे किंवा उलट फुटेल अशी जागा सर्वांत चांगली. बाजूने उभं राहण्याचा दुसरा फायदा असा, की वारा आणि तुषार थेट काचेवर येत नाहीत. लाटेचा आकार कळायला शेजारी ओळखीची वस्तू हवी: दीपस्तंभ, देऊळ, किल्ल्याची तटबंदी, माड. त्यासाठी माणसाला पुढे उभं करू नका.

थेंब न्‌ थेंब गोठवायचा असेल तर शटर, म्हणजे फोटोत प्रकाश घेण्याचा वेळ, १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद. दाट ढगांच्या दुपारी एफ (लेन्सचं तोंड किती उघडं, त्याचा आकडा) ५.६, १/१००० आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) ८०० इथून सुरुवात करा. ढग विरळ असतील तर आयएसओ ४०० पुरेल. १/२५० ला थेंब पुसट होतात आणि फोटो ना गोठलेला ना वाहता, असा अधांतरी राहतो. पाण्याचा ओघ दाखवायचा असेल तर उलट टोकाला जा, १/८ ते १/२ सेकंद. आयएसओ १०० आणि एफ १६ ठेवूनही ढगाळ दुपारी शटर १/१५ च्या आसपासच उतरतं, म्हणून १/४ पर्यंत यायला दोन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश एक-चतुर्थांशावर आणणारी काळसर काच, लागतो. तीस सेकंदांचं शटर मात्र मोठ्या लाटेला लावू नये. त्यात लाट नाहीशी होते, फक्त धुकं उरतं.

प्रकाशमापनात कॅमेरा इथे हमखास फसतो. चौकट पांढऱ्या फेसाने भरली की तो फोटो काळपट करतो, चौकटीत काळा कातळ जास्त असला की फेस जाळून टाकतो. लाट येण्याआधी चौकटीत कातळ जास्त आणि फुटल्यावर फेस जास्त, त्यामुळे स्वयंचलित मापन एकाच मालिकेत दोन्ही चुका करतं. म्हणून मॅन्युअलवर या, म्हणजे आकडे स्वतः ठरवा. एक मोठी लाट फुटताना फोटो घ्या, फेसाच्या सर्वांत उजळ भागात तपशील शिल्लक आहे का ते पाहा, नसेल तर शटर एक पायरी जलद करा आणि मग आकडे बदलू नका. ढग सरकले की पुन्हा पाहा. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) ठेवला तर कातळाच्या सावल्या नंतर उजळता येतात, जळालेला फेस परत येत नाही.

फोकस हवेतल्या तुषारांवर पळतो. लाट जिथे फुटते त्या खडकावर आधी फोकस करा आणि तो मॅन्युअलवर टाकून कुलूपबंद करा. खडक हलत नाही, तुम्ही हलू नका.

आता वेळ साधायची. पाणी वर उडालेलं दिसल्यावर बटण दाबलं तर उशीर झालेला असतो. लाट खडकाला लागायच्या अर्धा सेकंद आधी सलग फोटो सुरू करा आणि पाणी खाली येऊ लागलं की थांबा. दीड-दोन सेकंदांच्या आतच. बोट दाबून ठेवण्याची सवय महागात पडते, कारण रॉ फोटोंनी कॅमेऱ्याची तात्पुरती स्मृती भरते, आणि घोळक्यातली तिसरी, सर्वांत उंच लाट येते तेव्हा कॅमेरा मागचे फोटो साठवत बसलेला असतो.

फोनवर काढत असाल तर लेन्स दर पाच मिनिटांनी पुसा. फोनचे बहुतेक धूसर फोटो काचेवरच्या मिठाच्या थरामुळे धूसर असतात. बोटाने झूम वाढवण्यापेक्षा फोनच्या वेगळ्या झूम लेन्सवर जा, नसेल तर पूर्ण चौकट घेऊन नंतर कापा. फोनला खरं यश मिळतं ते संथगती व्हिडिओत: सेकंदाला १२० किंवा २४० चौकटींवर घेतलेली लाट फुटताना तिच्यात काय काय घडतं ते दाखवते. फोन ‘जलरोधक’ म्हणून विकला असला तरी त्याची चाचणी गोड्या पाण्यात झालेली असते. खारं पाणी लागलं तर फोन ओल्या फडक्याने पुसा आणि चार्जिंगचं तोंड पूर्ण सुकेपर्यंत तार लावू नका.

मीठ आणि ओल

लाटेच्या फोटोंमुळे कॅमेरे बिघडतात ते बहुतेक वेळा पाण्यात पडून नाही. हवेतल्या खाऱ्या तुषारांनी आणि घरी आणल्यावर केलेल्या हयगयीने बिघडतात. निघण्यापूर्वी लेन्सच्या पुढे साधा यूव्ही फिल्टर आणि हूड लावा. जाड प्लास्टिकची पिशवी उलटी घालून तळाला भोक पाडा, ते हूडवर रबरबँडने बसवा, मागून हात घाला. विकतच्या रेनकव्हरइतकंच काम होतं. वाऱ्यात किनाऱ्यावर लेन्स बदलू नका.

वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून कॅमेरा एकदम बाहेरच्या दमट हवेत काढला की आत-बाहेर दव धरतं. तो पिशवीत बंद ठेवूनच बाहेर न्या आणि अर्धा-पाऊण तासाने पिशवी उघडा. तुम्ही नाहीतरी तेवढा वेळ समुद्राकडे नुसतं पाहणार आहात.

परत आल्यावर वाळलेलं मीठ कोरड्या कापडाने कधीही घासू नका, त्याचे खडे काचेला ओरखडे पाडतात. आधी हवेच्या पंपाने फुंका, मग गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या मऊ कापडाने टिपा, पाणी बदलून पुन्हा टिपा आणि शेवटी कोरडं करा. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून, सांध्यांसकट गोड्या पाण्याने धुवा आणि उघडेच सुकू द्या, नाहीतर आतली वाळू आणि मीठ महिन्याभरात पेच धरून बसतात. कोकणातल्या पावसाळ्यात कपाटातसुद्धा लेन्सला बुरशी येते. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या मधे राहिली पाहिजे. ६० च्या वर गेली की जेलच्या पुड्या बदला किंवा तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरा.

फोटो संगणकावर उतरवताना प्रत्येक फेरीच्या फोल्डरच्या नावात तिथी, पूर्ण भरतीची वेळ व पातळी, इन्कॉइसचा लाटेचा आकडा आणि सेकंद लिहा: ‘आषाढ वद्य ४, भरती ३.०५, ४.४ मी., लाट ३.२ मी., ११ से.’ असं. त्याच जागी पुढच्या वेळी जायचं की नाही, आणि किती मागे उभं राहायचं, ते या ओळीवरून ठरवता येतं.